मिरजेच्या बाकावरचं बोलणं

मलकापूर (कराड), १२ मार्च २०२४

प्रिय आसिया,
सलाम.

तू मुजीबच्या चाळिसाव्याला आलीस, राहिलीस, सगळं निभावलंस. निघताना तुला काही बोलले नाही. मी आत भांडी पुसत होते. बाहेर यायला हवं होतं. फोनवर मला बोलता येत नाही हे तुला माहीत आहे. अम्मी शेजारी बसून अर्धं ऐकतात आणि उरलेलं विचारतात. म्हणून लिहिते आहे. पाकीट अजमल पोस्टात टाकेल. तुझा धाकटा भाऊ तेवढं काम न विसरता करतो.

इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपेपर्यंत मी घरातच आहे. लॅबच्या मॅडमनी निरोप दिला आहे की माझी जागा ठेवली आहे, घाई नाही. पण परत जाऊन लोकांच्या दंडाला रबर बांधावं असं आता वाटत नाही. रक्त घेताना माणसं बोलतात. पूर्वी मी ऐकत नव्हते, शीर शोधत होते. आता घरात बसून त्यातलं काय काय आठवतं.

तुला एक विचारायचं होतं. चाळिसाव्याला ज्या बायका आल्या, त्या माझ्याकडे आल्या होत्या. माझ्याजवळ बसल्या, पाठीवरून हात फिरवला, सब्र कर म्हणाल्या. आणि मग उठून तुझ्याजवळ जाऊन बोलल्या. समोरच्या गल्लीतल्या खाला कोणाशी धड हसत नाहीत, त्या तुझ्यापाशी बसून मुलाचं सगळं सांगत होत्या. अम्मीसुद्धा. मी चहा घेऊन आले की तुम्ही थांबायच्या.

हे तू सांगलीच्या त्या समुपदेशनाच्या कोर्सात शिकलीस का? माझ्यासारख्या बाईला ते जमेल का? मी फार बोलत नाही. पण ऐकायचंच असेल तर बोलता येण्याची अट नसावी.

सवडीने लिही.
समीना


कवठे महांकाळ, २० मार्च २०२४

प्रिय भाभी,
अस्सलामु अलैकुम.

तुमचं पत्र पाहून आधी भीती वाटली. या घरात हाताने लिहिलेलं पत्र कितीतरी वर्षांनी आलं. मग वाचलं आणि फार बरं वाटलं. तुम्हाला हा विचार सुचला, हीच मोठी गोष्ट आहे. रोजे चालू आहेत, शिवणाचा क्लास दुपारी बंद ठेवला आहे, म्हणून निवांत लिहिते.

आमचा कोर्स अगदी पहिल्या पायरीचा आहे. शनिवारी दुपारी सांगलीत वर्ग असतो. हे काम आपल्याला झेपेल का, एवढंच त्यात कळतं. ज्यांना पुढे जायचं त्यांच्यासाठी दुसरा टप्पा वेगळा, तो मोठा. मी अजून शिलाई सोडलेली नाही. पण मनाने सोडलीच म्हणा.

वर्गात तिघींचे गट करतात. एकीने बोलायचं, दुसरीने ऐकायचं, तिसरीने फक्त बघायचं. दर खेपेला जागा बदलायच्या. मी पहिल्यांदा ऐकायला बसले आणि समोरचीचं एक वाक्य पूर्ण व्हायच्या आत तिला सल्ला दिला. आमच्या बाई म्हणाल्या, "आसिया, तुम्ही कापड कापायच्या आधीच शिवायला घेतलंत." सगळ्या हसल्या. तेव्हापासून मी ओठ मिटून बसायला शिकले. उत्तर द्यायचं नाही, आपली गोष्ट सांगायची नाही, समोरचा गप्प झाला तर आपणही गप्प राहायचं. हे तुम्हाला माझ्यापेक्षा सोपं जाईल.

भैयासुद्धा म्हणायचा, "तू आधी नुसती बडबडायचीस, आता ऐकायला लागलीस." खरं सांगायचं तर माझा सराव वर्गात झालाच नाही. तो मिरजेच्या दवाखान्यात, डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर झाला. भैयाचा नंबर येईपर्यंत आम्ही तिथे बसायचो आणि तो बोलायचा. तिथून उठून मी वर्गाला जायची ती भरलेली जायची.

साताऱ्यातही असा वर्ग आहे, रविवारचा. इद्दत झाली की चौकशी करा. अम्मीला सलाम.

तुमची,
आसिया


मलकापूर, २ एप्रिल २०२४

प्रिय आसिया,
सलाम.

कोर्सची माहिती कळली.

तू लिहिलंस की बाकावर तो बोलायचा. काय बोलायचा?

मी असं धरून चालले होते की तो शनिवारी एकटा मिरजेला जातो, तू तुझ्या क्लासला जाताना वाटेत उतरून त्याला भेटतेस आणि औषधं घ्यायला मदत करतेस. मला लॅबमधून शनिवारी सुटी मिळत नव्हती. उपाशीपोटीच्या शुगरची गर्दी शनिवारीच असते. मी एकदोनदा म्हणाले होते की रजा काढते, येते. तो म्हणाला, नको, आसिया असते. मला वाटलं माझी रजा वाचावी म्हणून म्हणतो.

संध्याकाळच्या गाडीने तो कराडला उतरायचा. मी विचारायची, काय म्हणाले डॉक्टर? तो म्हणायचा, बरं आहे. जेवायचा आणि मोटर-दुरुस्तीच्या दुकानात जाऊन अर्धवट राहिलेल्या मोटरीची तार गुंडाळायला बसायचा. दुकानात मी जेवणाचा डबा नेला तर तांब्याच्या तारेवरून नजर न काढता म्हणायचा, ठेव तिथे. आजारपणाच्या सगळ्या काळात आमचं एवढंच बोलणं झालं. मी समजत होते की तो कोणाशीच बोलत नाही. ते मला चालत होतं. त्याचा स्वभावच तसा, असं मी लोकांना सांगत होते.

घरात सगळी झोपली की मी तो बाक कसा असेल याचा विचार करते. मी तो पाहिलेला नाही. लोखंडी की लाकडी तेही मला माहीत नाही.

तो काय बोलायचा एवढंच लिही. बाकी काही नको.
समीना


कवठे महांकाळ, १४ एप्रिल २०२४

प्रिय भाभी,
अस्सलामु अलैकुम. ईद कशी गेली विचारत नाही. आमच्याकडेही कोणी नवे कपडे घातले नाहीत.

तुमच्या पत्रातला राग मला समजला. दुकान अजमलकडे द्यायचं अम्मीने तुम्हाला न विचारता ठरवलं, ते तुम्हाला लागलं असणार. मी अम्मीशी फोनवर भांडले. ती म्हणाली, "समीना काय मोटरी बांधणार हाय व्हय?" मी म्हटलं, प्रश्न मोटरींचा नाही, विचारण्याचा आहे. अजमल मात्र मनाचा साधा आहे. तो म्हणतो भाभी सांगतील तसं करू. तुम्ही फक्त एकदा तोंडाने सांगा.

बाकाबद्दल. भाभी, ते मला सांगता येणार नाही.

तुम्हाला दुखवायचं म्हणून नाही. पहिल्याच शनिवारी मी भैयाला म्हटलं होतं की मला कोर्ससाठी ऐकण्याचा सराव करायचा आहे, तू बोल, इथलं इथेच राहील. तो हसला. म्हणाला, "घरचीच डॉक्टरीण झाली." त्या दिवशी तो काही बोलला नाही. नंबर लागला, आत जाऊन आला, गाडीत बसून गेला. पुढच्या वेळी आपणहून सुरुवात केली. मी शब्द दिला म्हणून तो बोलला. तो नाही म्हणून शब्द संपला, असं मला म्हणता येत नाही.

एवढं नक्की सांगते की तुमच्या विरोधात त्यात काही नव्हतं.

मन शांत ठेवा. कोर्सचा विचार सोडू नका.
तुमची,
आसिया


मलकापूर, २२ जुलै २०२४

आसिया,

मधे बरेच दिवस गेले. तुझे फोन आले ते अम्मींनी घेतले, मला बोलायचं नव्हतं.

दुकानाचा मला राग नव्हता. दुकान अजमलने चालवावं हे मीच त्याला रमजानमध्ये सांगितलं होतं. अम्मींना ते त्यांनी ठरवल्यासारखं वाटतं, वाटू दे. माझं पत्र तू पुन्हा वाचशील तर त्यात दुकानाबद्दल तक्रार नाही. इतकं ऐकायला शिकूनही तू मी न लिहिलेलं वाचलंस.

"तुमच्या विरोधात काही नव्हतं." हे वाक्य लिहिताना तुला काय वाटलं मला माहीत नाही. म्हणजे मी त्यात होते. मी कशी होते हे तुला माहीत आहे आणि मला नाही.

इद्दत संपली. मी लॅबमध्ये पुन्हा जाते आहे आणि रविवारी साताऱ्याच्या वर्गालाही जाते. सकाळच्या एसटीने जाते, दुपारी परत. पहिल्या दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं, इथे का आलात? कोणी म्हणालं समाजासाठी, कोणी म्हणालं मुलं मोठी झाली. मी म्हणाले, मी लॅबमध्ये काम करते, माणसं माझ्यासमोर बोलतात, मला नीट ऐकायचं आहे. सर म्हणाले, छान. मी तुझ्यामुळे आले हे बोलले नाही. तू जे मिळवलंस ते कसं मिळवलंस हे मला पाहायचं होतं.

ते आता पाहिलं. दुसऱ्याच रविवारी सरांनी सांगितलं की सरावासाठी घरचं माणूस घ्यायचं नाही. भाऊ नाही, नवरा नाही, नणंद-जाऊ नाही. कारण तिथे आपण नुसतं ऐकत नसतो, त्यात आपलाही वाटा असतो. वर्गातल्या एकीने विचारलं, घेतलं तर? सर म्हणाले, मग ते समुपदेशन राहत नाही, आणि नंतर त्याचा त्रास तिसऱ्याच कोणाला तरी होतो.

ती तिसरी मी.

म्हणजे तू पहिला नियम मोडलास आणि दुसरा, गुप्ततेचा नियम माझ्यासमोर धरून बसलीस. आजारी माणूस, तुझा भाऊ, त्याच्यावर तू कोर्सचा अभ्यास केलास. त्याच्या बायकोला विचारावं असंही तुला वाटलं नाही. एक तर ते समुपदेशन नव्हतं, मग घरचं बोलणं होतं आणि त्यावर माझा हक्क आहे. नाही तर ते समुपदेशन होतं, मग ते चुकीचं होतं आणि तुमच्या बाईंना ते कळायला हवं. आमच्या सरांची त्यांच्याशी ओळख आहे. त्यांचा नंबर मी घेतला आहे.

काय ते तू ठरव. मी या महिन्याअखेरपर्यंत वाट पाहीन.
समीना


कवठे महांकाळ, १ ऑगस्ट २०२४

भाभी,

तुम्हाला फोन करायची गरज नाही. गेल्या शनिवारी मीच बाईंना सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "तुमचा भाऊ तुमच्याकडे बहीण म्हणून बोलत होता की शिकाऊ म्हणून?" दुसऱ्या टप्प्यासाठी माझं नाव दिलं होतं ते त्यांनी काढून घेतलं. म्हणाल्या, आधी स्वतः बोलायला बसा, पुढचं पुढच्या वर्षी बघू. शिलाईच्या बायकांना मी येत्या दिवाळीपासून क्लास आणि शिलाई दोन्ही बंद म्हणून सांगून ठेवलं होतं. आता पुन्हा चालू म्हणून सांगायचं आहे. एक म्हणाली, "बरं झालं बाई, आमची मापं कुणाला द्यायची हा घोर लागला हुता."

तुम्ही लिहिलंत ते सगळं बरोबर आहे. मला त्याच्यावर सराव करायचा नव्हता. मी सराव म्हटलं म्हणून भैया बाकावर बसून बोलला. नाही तर मला काय मिळत होतं? लग्न झाल्यापासून तो सगळा तुमच्याकडे होता. मी माहेरी आले की तो दुकानात, जेवायला आला की तुम्ही वाढायला, अम्मी बोलायला, अजमल मस्करीला. मी पाहुणी. तो रोज कोणत्या कुशीवर झोपतो, कशाला चिडतो, भाजीत काय बाजूला काढतो, हे तुम्हाला माहीत. मला ते शनिवार मिळाले. मी ते सोडले नाहीत. तुम्हाला कळवलंही नाही, कारण कळवलं असतं तर तुम्ही रजा काढली असती.

आता मी कोणाची समुपदेशक नाही आणि होईन असंही दिसत नाही. मग शब्द तरी कोणाचा पाळू? १७ तारखेला, शनिवारी या. मिरजेला उतरा, मी तिथेच येते. तो बाकही दाखवते. आठवतंय तेवढं सगळं सांगते, पहिल्यापासून. मग तुमच्या मनात माझ्याबद्दल काही राहणार नाही, एवढंच मला हवं आहे.

आसिया


मलकापूर, १८ ऑगस्ट २०२४

प्रिय आसिया,
सलाम.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी रजेचा अर्ज दिला. मॅडमनी लगेच मंजूर केला. गुरुवारी रात्री मी कपडे बॅगेत भरून ठेवले, अम्मींना सांगितलं की मिरजेला जाते आहे. त्या म्हणाल्या, "आता तिथं कोण हाय तुझं?" मी म्हटलं, आसिया आहे.

शनिवारी मी आले नाही. तू वाट पाहिली असशील. त्या दिवशी फोनही उचलला नाही. कारण लिहिते.

आमच्या तिघींच्या गटात एक आहे. नाव लिहीत नाही, गावही लिहीत नाही. मधल्या एका रविवारी ती बोलायला बसली आणि मी ऐकायला. आधी नुसतीच नखं बघत होती. मीही गप्प राहिले. मग तिने जे सांगितलं ते अजून तिने कोणाला सांगितलेलं नाही. मला काही करावं लागलं नाही. मी फक्त तिच्याकडे बघत होते. एसटीत परत येताना लक्षात आलं की तेवढा वेळ मला मुजीब आठवला नव्हता. तो गेल्यापासून असं पहिल्यांदा झालं.

शुक्रवारी सकाळी लॅबमध्ये एक म्हातारी शुगर तपासायला आली. मी रबर बांधलं, मूठ आवळा म्हणाले. तिने मूठ आवळली आणि म्हणाली, "तुमीच न्हवं त्या साताऱ्याच्या कलासला जाताय? आमची सून जाती तिथं. म्हणाली, कराडच्या लॅबातली बाई असती आमच्याबरोबर."

मी सुई टोचली. ती हातच हलवेना, नजर माझ्यावर.

"काय बोलती वो ती तिथं?"

मी म्हटलं, वर्गातलं वर्गातच राहतं, आजी.

"आवं, मी काय गावभर सांगनार हाय व्हय? घरात तोंड उघडत न्हाई. भाकरी थापती, धुनं धुती, वर जाऊन बसती. माझा ल्योक लष्करात, त्यो काय सांगनार. मला वाटतंय माझंच काय तर चुकलं आसंल. चुकलं आसंल तर सांगा, मी तिचं पाय धरीन."

ती सून म्हणजे आमच्या गटातली तीच, हे मला कळलं होतं. बाटली भरली होती. मी सुई काढून कापूस दाबला.

"बरं, ऱ्हाऊ द्या. फकस्त येवढंच सांगा, तिथं रडली का?"

ते तरी सांगायला काय हरकत होती? हो म्हटलं असतं तर म्हातारी घरी जाऊन सुनेजवळ बसली असती. नाही म्हटलं असतं तर तिला रात्री झोप लागली असती. आसिया, तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. तेच घेऊन मी तुला एप्रिलमध्ये लिहायला बसले होते.

मी म्हटलं, कापूस दाबून धरा, दहा मिनिटं बाहेर बसा.

ती उठली, पदर सारखा केला आणि दारात थांबून म्हणाली, "मग तुमी शिकताय तरी कशाला वो, कुणाला काय सांगायचंच न्हाई तर?" बाहेर बसलेली माणसं हसली. मी पुढचा नंबर घेतला.

संध्याकाळी घरी आले, बॅगेत भरलेले कपडे परत कपाटात लावले. मला वाटलं होतं की आता तुझ्याबद्दल मन स्वच्छ होईल. झालं नाही. उलट तुझा आधीपेक्षा जास्त राग आला. त्या म्हातारीला मी काही सांगितलं नाही, आणि त्यामुळे आता तुझ्याकडे मागायची सोयच राहिली नाही. माझ्या हाताने मी ते दार लावलं. तू सांगायला तयार झालीस तेव्हाच हे व्हायचं होतं.

म्हणून सांगू नकोस. मी कधी विचारलं, रडून विचारलं, तरी सांगू नकोस. तुझं नाव काढून घेतलं हे मात्र मला बरं वाटलं नाही. क्षणभर वाटलं होतं, ते खोटं कशाला लिहू. तुमच्या बाई म्हणतात तसं आधी स्वतः बोलायला बस. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. मी लॅब सोडायची की नाही हे अजून ठरवलेलं नाही. पहिला कोर्स पुरा करते, मग पाहीन.

थोड्या दिवसांसाठी इकडे ये. अम्मी तुझी वाट पाहतात आणि माझ्या ब्लाऊजची मापं आता बदलली आहेत. आपण दोघींनी त्याच्याबद्दल बोललंच पाहिजे असं नाही.

तू लिहिलंस की तो सगळा माझ्याकडे होता. ते वाचून मी आठवून पाहिलं. बोलणं फारसं निघालं नाही. दुसरं बरंच निघालं. ते तू पाहिलेलं नाहीस, अम्मींनीही पाहिलेलं नाही, आणि त्या बाकावर तो ते बोलला नसणार, एवढी माझी खात्री आहे. तू विचारलंस तरी मी तुला सांगणार नाही.

तुझी,
समीना